अथेटॉइड सेरेब्रल पाल्सी: मोटर व्हीलचेअरचा जॉयस्टिक फिल्टर लावूनही भरकटतो, काय करावं?

गृहभेट_घाटंजी

नमस्कार मंडळी. समावेशित शिक्षणाच्या गृहभेटीतल्या एका विद्यार्थिनीसाठी विचारतो आहे. वय १३, वजन ३४ किलो, अथेटॉइड प्रकारची (हात-पाय आपोआप वळवळतात ती) सेरेब्रल पाल्सी. समज पूर्ण, सातवीचं पुस्तक वाचते. उजवा हात डाव्यापेक्षा कामाचा, मान धरता येते. घरापासून शाळा ४०० मीटर. त्यात २५० मीटर सिमेंट रस्ता आणि पुढची १५० मीटर काळ्या मातीची पांधण.

तिच्या फोल्डिंग व्हीलचेअरला गावातल्या वेल्डरकडून २४ व्होल्ट, २५० वॅटच्या दोन गिअर मोटरी बसवून घेतल्या आहेत. मोटरीवर ९ दाते, चाकावर १८ दाते, सायकलची चेन. अर्दुइनो युनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), ४३ अँपिअर लिहिलेली दोन ड्रायव्हर मॉड्यूल (मोटरींना प्रवाह पुरवणारे बोर्ड), १० किलोओहमचा साधा जॉयस्टिक उजव्या हाताच्या टेकूच्या टोकाला. मागची चाकं विटांवर उचलूनच चाचणी घेतली आहे, जमिनीवर मुलीला घेऊन गाडी चालवलेली नाही.

अडचणी तीन. ती उजवीकडे बघते तेव्हा हात आपोआप लांब होतो आणि जॉयस्टिक पुढे ढकलला जातो. हाताच्या हालचाली गाळायला दर २० मिलिसेकंदांनी नवीन वाचनाचे ५ टक्के आणि जुन्याचे ९५ टक्के असा फिल्टर लावला, तर गाडी उशिरा सुटते आणि उशिरा थांबते, भरकटणं मात्र तसंच. तिसरं म्हणजे चाकं हवेत असूनही ड्रायव्हर हात लावता येणार नाही इतके तापतात.

रोबोटिक्सचे प्राध्यापक दिव्यांगांसाठी ‘शेअर्ड कंट्रोल’वर काम करतात, म्हणजे दिशा माणूस देतो आणि सावरायचं काम यंत्र करतं, असं वाचलं. अल्ट्रासॉनिक सेन्सर लावून तसं काही इथे जमेल का?

ओटी_वर्धा

सर, प्रोग्रामला हात लावण्याआधी बैठक बघा. उजवीकडे मान वळली की उजवा हात ताठ होणं ही तान्ह्या बाळात असणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मानेचा असममित टॉनिक रिफ्लेक्स. एरवी ती पहिल्या सहाएक महिन्यांत मावळते, सेरेब्रल पाल्सीत अनेकदा टिकून राहते. जॉयस्टिक उजव्या टेकूच्या टोकाला म्हणजे नेमका त्या ताठ होणाऱ्या हाताच्या वाटेत. तिथे कोणताही फिल्टर हरणारच, कारण हात खरोखरच दांडा ढकलतो आहे.

फोल्डिंग खुर्चीची रेक्झिनची बैठक झोळीसारखी लोंबते. कंबर मागे कलंडते, गुडघे एकमेकांवर येतात, आणि अंगाला आधार मिळत नाही म्हणून हात जास्त उडतात. त्या झोळीवर १२ मिलिमीटरचा प्लाय घट्ट बसवा. त्यावर ५ सेंटिमीटर जाड, ४० डेन्सिटीचा फोम, आणि मांड्यांखालचा पुढचा अर्धा भाग मागच्यापेक्षा ३ सेंटिमीटर उंच. अंग ताठ झालं की पुढे घसरणं यानेच थांबतं. बैठकीची खोली मोजताना पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतचं अंतर घ्या आणि त्यातून दोन बोटं कमी करा. जास्त ठेवलीत तर ती पुन्हा पुढे सरकून बसेल. पाय लोंबकळू देऊ नका, गुडघा आणि घोटा दोन्हीकडे काटकोन हवा, पावलावरून रुंद पट्टा. कमरेचा पट्टा पोटावरून नको. कमरेच्या पुढच्या हाडांच्या खालून, बैठकीशी साधारण ६० अंशांचा कोन करून मागे खाली ओढलेला हवा. पोटावर बांधलेला पट्टा पोट आवळतो, पण कंबर धरत नाही.

मग ९ मिलिमीटर प्लायचा ट्रे, तिच्या कोपराच्या उंचीला. जॉयस्टिक ट्रेच्या मधोमध, छातीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर. ट्रेच्या डाव्या बाजूला अडीच सेंटिमीटर जाडीची लाकडी खुंटी उभी ठोका आणि डाव्या हाताला ती धरायला लावा. एक हात कशाला तरी धरून असला की दुसऱ्याचं उडणं कमी होतं. हा उपाय साधा आहे म्हणून लोक सोडून देतात, मी तो सगळ्यात आधी करायला सांगेन. उजव्या कोपराच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला फोमची पट्टी लावलेला ठोकळा द्या, म्हणजे खांद्याऐवजी मनगटातून हालचाल येईल. दांड्याची मूठ लाकडी गोळ्याची, ५ सेंटिमीटर व्यासाची. बारीक दांडा पकडायला गेलं की अख्खा हात ताठ होतो.

एवढं करून गाडी बंद ठेवून २० वेळा ‘पुढे ढकल’ आणि ‘सोड’ सांगा, मोबाइलवर व्हिडिओ काढा. ढकलायला किती वेळ लागला यापेक्षा सोडायला किती लागला ते बारकाईने बघा. ‘सोड’ म्हटल्यावर हात एका सेकंदात निघत नसेल, किंवा २० पैकी १६ वेळासुद्धा जमत नसेल, तर जॉयस्टिकचा हट्ट नको. मोठ्या बटणांवर जा. मात्र डोक्याच्या बाजूला बटण लावू नका, तिच्या बाबतीत मान वळवणं हेच तर सगळ्याचं मूळ आहे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला किंवा पावलाखाली जागा शोधा.

एम्बेडेड_नागपूर

मॅडमचं बैठकीचं म्हणणं पूर्ण करूनच पुढचं वाचा.

फिल्टर का हरतो ते सांगतो. तुमच्या ५ टक्क्यांच्या फिल्टरचा कालांक साधारण ०.४ सेकंद येतो. म्हणजे दांडा पूर्ण ढकलल्यावर आउटपुट ९० टक्क्यांपर्यंत जायला ०.९ सेकंद, आणि थांबतानाही तेवढेच. कंपवातात हा खर्च परवडतो, कारण पार्किन्सन्समधला कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा असतो, मुद्दाम केलेली हालचाल त्याहून सावकाश, म्हणून दोन्ही वेगळे काढता येतात. अथेटोसिसची हालचाल मुळातच संथ आणि वळवळती. ती आणि इच्छेची हालचाल एकाच वेगाच्या पट्ट्यात येतात, त्यामुळे फिल्टरला कोणती ठेवायची नि कोणती टाकायची हे कळायला मार्गच नाही. हाती उरतो फक्त उशीर.

त्याऐवजी जॉयस्टिकला चार बटणांसारखं वागवा. अर्दुइनो दांड्याची जागा ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो, मध्य ५१२. मधल्या ५१२ पासून दोन्हीकडे १५० पर्यंत काहीच नाही. त्याबाहेर गेलं की पुढे, मागे, डावं, उजवं यांपैकी जी दिशा सगळ्यात जास्त तीच घ्यायची, तिरपं काही नाही. ती दिशा सलग ३०० मिलिसेकंद टिकली तरच गाडी सुटेल. दांडा मधल्या भागात परतला की मात्र तत्क्षणी थांबायचं, थांबण्याला फिल्टर नाही, वाट बघणं नाही. सुटताना वेग दीड सेकंदात हळूहळू चढवा, थांबताना ०.४ सेकंदात उतरवा. एकदम झटक्याने थांबवलं तर अंग पुढे फेकलं जाऊन ती दचकते, आणि दचकली की सगळं अंग ताठ. सुरुवातीचा वेग ताशी दीड किलोमीटर ठेवा, तेव्हा गाडी ८ ते १० सेंटिमीटरमध्ये थांबते. दांड्याभोवती ३ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकमध्ये अधिकच्या चिन्हाची खाच कापून लावली तर हातालाही चार दिशा जाणवतात.

ड्रायव्हर तापण्याचं कारण याच्यातच आहे. या मोटरी रिकाम्या फिरताना सव्वादोन अँपिअरच्या आसपास घेतात, त्याने मॉड्यूल एवढं तापायला नको. दांडा मध्यावरून पुढे-मागे डोलतो आणि मोटर फिरत असतानाच उलटी होते, प्रत्येक उलट्याला प्रवाह सुरुवातीच्या झटक्याहूनही वर उडी मारतो. पुढून मागे जाताना शून्यावर किमान ३०० मिलिसेकंद थांबवण्याची अट घाला. तरीही तापलं तर चेन फार ताणलेली आहे का बघा. आणि ४३ हा आकडा कागदावरचा समजा. पंख्याशिवाय अशा मॉड्यूलवर १५ अँपिअरच्या पुढे सलग जाऊ नका, प्रोग्राममध्येच तेवढी मर्यादा घाला.

आता ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते. साध्या जॉयस्टिकची एक तार तुटली की अर्दुइनो शून्य किंवा १०२३ वाचतो. शून्य म्हणजे पूर्ण वेगाने मागे. मुलगी खुर्चीला पट्ट्याने बांधलेली आहे, तिला उतरता येणार नाही. म्हणून १० किलोओहमच्या दोन्ही टोकांना १-१ किलोओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे खरं वाचन ८५ ते ९३८ मध्येच राहील. मधल्या तारेवरून ग्राउंडला ४७० किलोओहम लावा, म्हणजे ती तुटली तर वाचन हवेत न तरंगता शून्याकडे जाईल. ५० च्या खाली किंवा ९७५ च्या वर काहीही दिसलं की बिघाड समजून गाडी बंद, आणि स्विच पुन्हा चालू केल्याशिवाय सुटायचं नाही. हे दोन्ही दिशांच्या पिनांना करा. अर्दुइनोचा वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड पुन्हा सुरू करणारा टायमर, २५० मिलिसेकंदांवर लावा.

लाल मशरूम बटण, दाबल्यावर अडकून राहणारं, मागून चालणाऱ्याच्या हाताशी. हे बटण अर्दुइनोच्या पिनला जोडू नका. ट्रकला लागतो तो २४ व्होल्टचा ४० अँपिअर रिले (विजेवर चालणारा स्विच) प्रत्येक मोटरीला एक घ्या, बटणाने थेट रिलेच्या कॉइलचा पुरवठा तोडा. प्रोग्राम अडकला तरी बटण चाललं पाहिजे. फ्यूज ४० अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत.

शेअर्ड कंट्रोलबद्दल. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या प्रा. ब्रेना अर्गॉल यांची प्रयोगशाळा शर्ली रायन अ‍ॅबिलिटीलॅब या पुनर्वसन रुग्णालयाच्या आतच आहे. त्यांच्या कामाचा गाभा असा की अपंगत्व जितकं तीव्र तितकं यंत्र चालवणं अवघड, म्हणून चालवण्याचा काही भार यंत्राने उचलावा, आणि किती उचलावा ते माणसागणिक बदलावं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रा. सिद्धार्थ श्रीनिवास यांच्या गटाने व्हीलचेअरवरच्या रोबो हाताने जेवण भरवण्यावर काम केलं. तिथे गाठ वेगळी: हाताला सहा सांधे, जॉयस्टिकला दोन-तीनच दिशा, त्यामुळे सारखं एका मोडमधून दुसऱ्यात जावं लागतं आणि माणूस तिथेच थकतो. दोन्हींकडून आपण घ्यायचं ते एवढंच की ताबा वापरणाऱ्याचा, यंत्राने फक्त वेग कमी करायचा किंवा थांबवायचं. दिशा ओळखून आपणहून वळवणारी गाडी गल्लीत नको.

आणि अल्ट्रासॉनिकवर भिस्त ठेवू नका. ४० किलोहर्ट्झचा आवाज कापसात मुरतो. दिवाळीनंतर घरात कापसाची गंजी लागली की त्या सेन्सरला समोर काहीच दिसणार नाही, दोरीवरचं लुगडंही दिसणार नाही. भिंत तिरपी असली की आवाज दुसरीकडे निघून जातो. ओट्याची कड, म्हणजे खाली पडण्याची जागा, समोर बघणाऱ्या सेन्सरला कळतच नाही. लेझरवाले स्वस्त सेन्सर आपल्या उन्हात आंधळे होतात. त्यापेक्षा पायटेकूच्या पुढे जुन्या सायकल ट्यूबची गुंडाळी आणि तिच्या मागे धक्का लागताच गाडी थांबवणारे दोन मायक्रोस्विच. ताशी दीड किलोमीटरला हे पुरतं.

वायंडिंग_दारव्हा

भाऊ, ९ ला १८ दाते लावून राहिले तिथंच गडबड आहे. ही मोटर ३०० फेऱ्यांची धरली तर चाकावर १५० फेऱ्या. चाक २४ इंची, एका फेरीत अठराशे ते एकोणीसशे मिलिमीटर. म्हणजे ताशी १६-१७ किलोमीटर. तुम्ही प्रोग्रामनं कमी करसान, पण ड्रायव्हरचा मॉस्फेट (प्रवाह चालू-बंद करणारा भाग) जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो, मंग मोटरीला पूर्ण २४ व्होल्ट. लाल बटण दाबेपर्यंत पोरगी नालीत. चाकावर सायकलचं ४४ दात्यांचं पुढचं चक्र बसवा. वेग जास्तीत जास्त ताशी ७ च्या आत येतो आणि जोर अडीच पटीच्या जवळ वाढतो. वेगाची हद्द लोखंडातच पाहिजे.

जोर किती लागते ते पाहा. पोरगी, खुर्ची, मोटरी, बॅटरी मिळून ७० किलो धरा. मऊ कोरड्या मातीत वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा अडथळा, म्हणजे ७ किलोचा. बाराला एक चढ असला तर आणखी पावणेसहा. १३ किलोची ओढ दोन मोटरी ४४ दात्यांवर आरामात काढतात, दोघींचे मिळून १५ अँपिअरच्या आसपास. १८ दात्यांवर त्याच मोटरी गरम होतीन.

या मोटरीला ब्रेक नाही. करंट गेला की उतारावर गाडी मोकळी पळते. विद्युतचुंबकी ब्रेकवाली मोटर मिळाली तर उत्तम, करंट गेला की तो ब्रेक आपोआप लागते. नाही तर खुर्चीचे मूळचे हातब्रेक नवीन टायरच्या मापाने पुन्हा बसवा आणि उतारावर माणूस सोबत ठेवा. मागं वजन वाढलं म्हणून चढावर खुर्ची मागं उलटते. मागं दोन लहान चाकं वेल्ड करा, जमिनीपासून ३-४ सेंटिमीटर वर. बॅटरी बैठकीखाली, जेवढी खाली बसन तेवढी.

पुढची लहान चाकं पांधणीत रुततात. आयआयटी मद्रासच्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्रातून निघालेली निओबोल्ट ही खुर्चीला जोडायची मोटरगाडी पाहा, ती पुढं एक मोठं चाक जोडून लहान चाकं जमिनीवरून उचलते. त्याचं हँडल दोन्ही हातांनी धरा लागते म्हणून या पोरीच्या कामाची नाही, पण उचलायची कल्पना खरी. तुमच्याकडं मोटरी मागं आहेत, तर पुढं निदान ८ इंचाहून मोठी आणि रुंद चाकं टाका, काट्यात आणि चाकात बोटभर तरी फट ठेवा. फट कमी असली की ओली माती भरून चाक जाम, आणि चाक जाम झालं की मोटर अडून ड्रायव्हर जळते.

खरं सांगतो, पावसाळ्यात काळ्या मातीत कोणतीच खुर्ची चालत नाही. १५० मीटरवर मुरूम टाकून घ्या. सव्वा मीटर रुंद, दबून १० सेंटिमीटर जाड म्हटलं तर साडेसहा ते पावणेसात ब्रास, सुटा आठ-साडेआठ ब्रास मागवा लागन. मुरूम टाकून रोलर फिरवलाच पाहिजे, सुटा मुरूम मातीपेक्षा वाईट. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असते, ग्रामसभेत लेखी अर्ज द्या.

बाभळीच्या काट्यासाठी भरीव टायर नका टाकू, दणके सरळ पोरीच्या पाठीत जातात. जुना ट्यूब उभा कापून टायर आणि नव्या ट्यूबच्या मधात अस्तर द्या.

गृहभेट_घाटंजी

खूप उपयोग झाला. प्लाय आणि फोमची बैठक, ट्रे, खुंटी झालं. जॉयस्टिक मधोमध आणल्यावर, गाडी बंद ठेवून, उजवीकडे बघितलं तरी २० पैकी १७ वेळा दांडा हलला नाही. ‘सोड’ म्हटल्यावर हात साधारण पाऊण सेकंदात निघतो. ४४ दात्यांचं चक्र मिळालं आहे. आता दोन प्रश्न. बॅटरी कोणती आणि मे महिन्यात टिनाच्या घरात चार्ज कशी करायची? आणि घराचा ओटा ३२ सेंटिमीटर उंच आहे, रॅम्प किती लांब?

एम्बेडेड_नागपूर

१७ हा आकडा चांगला आहे. मग जॉयस्टिकच ठेवा, चार दिशांचा प्रोग्राम चालेल.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे ८ सेल सिरीजमध्ये, २५.६ व्होल्ट, २० अँपिअर-तास. सुमारे ५०० वॅट-तास होतात. शाळेचं जाणं-येणं ८०० मीटर, ताशी ३ किलोमीटरने १६ मिनिटं, त्याला ही भरपूर आहे. लेड अ‍ॅसिड तेवढ्याच क्षमतेच्या दोन घेतल्या तर वजन दुपटीहून जास्त, आणि रोज निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर संपतात. चार्जर २९.२ व्होल्टचा, याच प्रकारच्या बॅटरीसाठी बनवलेला, ५ अँपिअर. रिकामी ते पूर्ण चार ते साडेचार तास. लेड अ‍ॅसिडचा चार्जर लावू नका.

या सेलना साधारणपणे ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची मुभा असते, आणि तो आकडा सेलच्या अंगाचा आहे, हवेचा नाही. मेमध्ये टिनाखाली दुपारी पेटी ५० च्या वर जाते. शाळेतून आल्या आल्या चार्जिंगला लावायचं नाही. रात्री दहानंतर, पेटी छपरीत किंवा जमिनीवर ठेवून, वर कापड न टाकता. तापमान बघून चार्जिंग तोडणारा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) घ्या. मधेच लाइट गेली तर या बॅटरीला काही होत नाही, आल्यावर पुढे चालू.

ओटी_वर्धा

रॅम्प बाराला एक, म्हणजे ३२ सेंटिमीटरला ३ मीटर ८४ सेंटिमीटर. रुंदी १ मीटर २० सेंटिमीटर. वरच्या टोकाला दीड मीटरची सपाट जागा सोडा, दार उघडताना खुर्ची उतारावर उभी राहता कामा नये. दोन्ही कडांना ५ ते ७ सेंटिमीटर उंच कठडा, चाक बाजूने घसरू नये म्हणून. वर घोटाई नको, ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढा.

फोमवर रेक्झिन न घालता सुती खोळ घाला, दोन खोळी करा म्हणजे रोज धुता येतील. सुरुवातीला अर्ध्या तासाने उठवून माकडहाड आणि मांड्यांच्या मुळाशी त्वचा बघा. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, राहिली तर त्या ठिकाणचा फोम बदलल्याशिवाय पुन्हा बसवू नका.

जमिनीवरची पहिली चाचणी शाळेच्या मैदानात. चुन्याच्या फक्कीने दीड मीटर रुंद, १० मीटर लांब पट्टा आखा. आधी रिकामी खुर्ची, मग ३५ किलोचं पोतं बांधून, मग मुलगी. मागे लाल बटणावर अंगठा ठेवून चालणारा माणूस त्या वेळी दुसरं काहीच करणार नाही. पहिले दोन दिवस फक्त ‘पुढे’ आणि ‘थांब’, डावं-उजवं प्रोग्राममध्ये बंद ठेवा. सूचना एकानेच द्यायच्या, चारही बाजूंनी लोक ओरडले की ती आवाजाकडे मान वळवते. एका वेळी १० ते १५ मिनिटं पुरे. ती थकली की आधी उजवा खांदा कानाकडे चढायला लागतो, ते दिसलं की त्या दिवशीचा सराव तिथेच बंद करा.